संज्ञापनविद्येचा अभ्यास : पदवीनंतरचें एक वर्ष

शालान्त परीक्षा उतरल्यावर पुढें काय शिकावें, हा प्रश्न आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं एकदां तरी निघतो. आणि पदवी हातीं आल्यावर तोच प्रश्न पूर्वीपेक्षां अधिक निकडीनें पुन्हां उभा राहतो. वैद्यक, स्थापत्य, कायदा, शिक्षकी पेशा या वाटा आपल्या वडील मंडळींच्या परिचयाच्या आहेत. परंतु एखादी मुलगी ‘मला संज्ञापन व माध्यमें या विषयाचें प्रमाणपत्र घ्यावयाचें आहे’ असें म्हणाली, तर घरांत क्षणभर शांतता पसरते. ‘बोलावयास का कोठें शिकावें लागतें?’ असें आजोबा विचारतात. ‘याचा पुढें उपयोग काय?’ असें वडील विचारतात. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, व त्यांचीं सरळ उत्तरें मिळण्याचा पालकांस पूर्ण अधिकार आहे. म्हणून हा अभ्यास म्हणजे काय, तो कसा उत्पन्न झाला, त्यांत काय शिकवितात, आणि तो कोणीं घ्यावा व कोणीं घेऊं नये, याचा विचार क्रमानें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

शब्दाचा अर्थ

‘ज्ञा’ म्हणजे जाणणें, यावरून ‘ज्ञापन’ म्हणजे जाणविणें, कळविणें हा शब्द झाला. त्यास ‘सम्’ हा उपसर्ग लागला म्हणजे एकत्रपणा व नीटपणा हे दोन अर्थ त्यांत येतात. तेव्हां संज्ञापन म्हणजे नुसतें बोलणें नव्हे. एकाच्या मनांतील गोष्ट दुसऱ्याच्या मनांत नीट पोंचणें, हें संज्ञापन होय. ज्या साधनानें ती पोंचते तें माध्यम. पूर्वीं गांवांत दवंडी पिटली जाई, देवळांत कीर्तन होई, चावडीवर पत्र मोठ्यानें वाचून दाखविलें जाई. हीं सर्व माध्यमेंच होतीं. त्यांत एक गुण मात्र असा होता कीं, दवंडी कोणाच्या हुकुमानें पिटली जात आहे व ती पिटणारा कोण आहे, हें लहान मुलासही ठाऊक असे. आज हातांतील यंत्रावर दिवसाकांठीं शेंकडों निरोप येतात, आणि त्यांपैकीं कित्येकांचा धनी कोण हें कोणासच सांगतां येत नाहीं. दवंडीपासून या यंत्रापर्यंत जो फरक पडला, त्याचाच अभ्यास ही विद्या करिते.

प्रमाणपत्र म्हणजे काय

शिक्षणाच्या जिन्यांत हें प्रमाणपत्र कोणत्या पायरीवर बसतें, तें प्रथम पाहूं. विद्यापीठाची पहिली पदवी घेतल्यावर पुढील पदवी, म्हणजे एम्. ए. किंवा तत्सम, घेण्यास सामान्यतः दोन वर्षें लागतात. या दोन पायऱ्यांच्या मध्यें कांहीं देशांत एक लहान पायरी ठेविलेली आहे. ऑस्ट्रेलियांत तिला पदवीधरांचें प्रमाणपत्र म्हणतात व ती सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंतची असते. अमेरिकेंत व कॅनडांतही असे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. त्यांत बहुधा चार ते सहा विषय असतात. आपल्या देशांत याच स्थानीं बहुतेक ठिकाणीं एक वर्षाची पदव्युत्तर पदविका असते, आणि कोठें कोठें त्याहून लहान प्रमाणपत्रही असतें.

हें प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, ही गोष्ट पालकांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. एक ठराविक विषय पदवीधरानें पद्धतशीर अभ्यासिला आहे, एवढीच ग्वाही तें देतें. मग तें कोणी कां घेतो? कारणें तीन. पहिलें असें कीं, पदवी इतिहासाची, रसायनाची किंवा शेतकीची असून मनुष्यास लेखनाच्या, ध्वनिक्षेपणाच्या किंवा लोकशिक्षणाच्या कामाकडे वळावयाचें असतें. दुसरें असें कीं, नोकरी करीत असतां सायंकाळीं अथवा घरबसल्या थोडें शिकावयाचें असतें. तिसरें असें कीं, दोन वर्षें व मोठी फी घालण्यापूर्वीं हा विषय आपणांस मानवतो कीं नाहीं, हें अजमावून पाहावयाचें असतें. पुष्कळ विद्यापीठें प्रमाणपत्रांतील विषय पुढील पदवींत मोजून घेतात. भारतांतही २०२१ सालीं श्रेयांकांची पेढी स्थापण्यांत आली. तिच्यांत विद्यार्थ्यानें मिळविलेले श्रेयांक जमा राहतात व नियमांत बसल्यास पुढें उपयोगीं पडतात.

हा अभ्यास कसा जन्मास आला

मराठी वाचकांस या विद्येचें मूळ शोधण्यास दूर जावयास नको. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ काढिलें. त्याच्या पानावर एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर असे. महाराष्ट्रांत तोच दिवस आज पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. १८४२ सालीं अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मंडळींनीं ‘ज्ञानोदय’ सुरू केलें; १८८१ सालीं पुण्यास ‘केसरी’ निघाला. या सर्वांच्या संपादकांनीं वृत्तपत्रविद्या कोणत्याही शाळेंत शिकली नव्हती. छापखान्याच्या खोलींत, खिळे जुळवितां जुळवितां, चुका करीत व त्या सुधारीत ते ती शिकले. म्हणून कित्येक जुने संपादक पुढें पुष्कळ काळ म्हणत असत कीं, पत्रकार जन्मावा लागतो, तो वर्गांत घडत नाहीं.

या म्हणण्यास पहिलें मोठें उत्तर अमेरिकेंत मिळालें. १९०८ सालीं मिसुरी विद्यापीठांत वॉल्टर विल्यम्स यांच्या नेतृत्वाखालीं वृत्तपत्रविद्येची शाळा उघडली. ज्या दिवशीं वर्ग सुरू झाले त्याच दिवशीं, म्हणजे १४ सप्टेंबर रोजीं, विद्यार्थ्यांनीं चालविलेल्या वृत्तपत्राचा पहिला अंकही निघाला. पुस्तक आणि छापखाना यांची सांगड तेथें पहिल्या दिवसापासून घातली गेली. पुढें वृत्तपत्रांचे धनी जोसेफ पुलित्झर यांनीं दिलेल्या वीस लक्ष डॉलरांच्या देणगींतून न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत १९१२ सालीं अशीच शाळा सुरू झाली. देणगीदार मात्र ती पाहावयास राहिले नव्हते. ते १९११ सालींच वारले होते.

आपल्या देशांत १९४१ सालीं लाहोर येथें पंजाब विद्यापीठांत पृथ्वीपाल सिंग यांनीं हा वर्ग सुरू केला. १९४७ सालीं फाळणी झाली आणि तो वर्ग दिल्लीस आणावा लागला. मराठी मुलखांत या कामाचा मान नागपुरास जातो. तेथील हिस्लॉप महाविद्यालय स्कॉटिश मिशनरी व भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांच्या नांवें १८८३ सालीं स्थापन झालें होतें. १९५२ च्या सुमारास तेथें वृत्तपत्रविद्येचा विभाग उघडण्यांत आला, व अमेरिकेंतून आलेले प्राध्यापक रोलंड वुल्सली यांनीं त्याची घडी बसविली. पुणें विद्यापीठाचा विभाग १९६४ सालीं निघाला. तो फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारांत असल्यामुळें लोक त्यास ‘रानडे’ याच नांवानें ओळखूं लागले. १७ ऑगस्ट १९६५ रोजीं दिल्लीस भारतीय जनसंचार संस्थेचें उद्घाटन झालें, आणि १९६९ सालीं मुंबईस सेंट झेवियरच्या आवारांत झेवियर संज्ञापन संस्था निघाली.

या काळांत माध्यमेंही वाढत गेलीं. १९२७ सालीं मुंबईंत आकाशवाणीपूर्व काळांतील खाजगी कंपनीचें ध्वनिक्षेपण सुरू झालें. १९५९ सालीं दिल्लीस व १९७२ सालीं मुंबईस दूरदर्शन आलें. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर, अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन, सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण या विषयांचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग आपल्या शास्त्रज्ञांनीं केला. ज्या गांवांत पक्का रस्ता नव्हता, तेथेंही चित्र पोंचलें. परंतु चित्र पोंचलें म्हणजे अर्थ पोंचला काय, हा प्रश्न त्याबरोबरच आला. म्हणून गांवोगांवीं जाऊन लोकांस काय समजलें याची पाहणी करणारे अभ्यासकही या प्रयोगांत नेमलेले होते. नुसती वृत्तपत्रविद्या येथून मागें पडली व तिच्या ठिकाणीं संज्ञापनविद्या हा विस्तृत विषय उभा राहिला.

चार विचार, जे प्रत्येक विद्यार्थी शिकतो

या अभ्यासांत पुष्कळ ग्रंथ वाचावे लागतात. परंतु आरंभीं चार विचार समजले म्हणजे बाकीच्यांची वाट सोपी होते.

पहिला विचार हॅरॉल्ड लॅस्वेल या अमेरिकन पंडितानें १९४८ सालीं मांडला. कोणताही निरोप तपासतांना पांच गोष्टी विचाराव्या : सांगणारा कोण, सांगितलें काय, कोणत्या वाटेनें सांगितलें, कोणास सांगितलें, आणि त्याचा परिणाम काय झाला. वरवर पाहतां हे प्रश्न बाळबोध वाटतात. परंतु आपण रोज जे निरोप वाचतों, त्यांपैकीं किती निरोपांविषयीं या पांचही प्रश्नांचीं उत्तरें आपण देऊं शकूं, याचा हिशेब एकदां मांडून पाहावा.

दुसरा विचार त्याच वर्षीं क्लॉड शॅनन या गणितज्ञानें दिला. तो दूरध्वनीच्या कारखान्याशीं संबंध असलेल्या प्रयोगशाळेंत काम करीत असे. तारेंतून निरोप जातांना त्यांत खरखर मिसळते. तिच्यामुळें पाठविलेला निरोप व मिळालेला निरोप यांत अंतर पडतें. तें अंतर मोजण्याची व भरून काढण्याची रीत त्यानें गणितानें दाखविली. पुढें अभ्यासकांनीं ही कल्पना माणसांच्या बोलण्यासही लाविली. अपुरें वाक्य, अनोळखी शब्द, ऐकणाऱ्याच्या मनांतील भीति अथवा पूर्वग्रह, ही सर्व एक प्रकारची खरखरच होय.

तिसरा विचार पॉल लाझार्सफेल्ड व त्यांचे सहकारी यांचा. १९४० सालच्या अमेरिकन अध्यक्षाच्या निवडणुकींत ओहायो राज्यांतील ईरी परगण्याच्या मतदारांच्या मुलाखती त्यांनीं महिनोगणती घेतल्या. वृत्तपत्रें व रेडिओ मतदारांचें मन सरळ फिरवितात अशी त्या काळची समजूत होती. परंतु दिसून आलें तें निराळें. पुष्कळ लोक बातमी वाचून नव्हे, तर ज्याच्यावर आपला विश्वास आहे अशा शेजाऱ्याचें किंवा सोबत्याचें ऐकून मत ठरवीत होते. म्हणजे छापील शब्द प्रथम एका जाणत्याकडे जातो व त्याच्याकडून चार जणांकडे जातो. आपल्या गांवांतील गुरुजी, दुकानदार, आशाताई यांचें स्थान यावरून सहज ध्यानांत येईल.

चौथा विचार मॅक्सवेल मॅकोम्ब्स व डोनाल्ड शॉ या दोघांचा. १९६८ सालीं चॅपल हिल या गांवीं, मत कोणास द्यावें हें अद्याप ठरविलें नव्हतें अशा शंभर मतदारांस त्यांनीं विचारिलें कीं, देशापुढें महत्त्वाचे प्रश्न कोणते? मतदारांनीं सांगितलेला क्रम आणि त्या दिवसांतील बातम्यांनीं ज्या प्रश्नांस अधिक जागा दिली होती तो क्रम, हे जवळ जवळ सारखे निघाले. या शोधाचा निबंध १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें तात्पर्य असें कीं, काय मत धरावें हें माध्यमें आपणांस शिकवूं शकोत वा न शकोत, कशाविषयीं विचार करावा हें मात्र तीं पुष्कळ अंशीं ठरवितात. ज्या गांवच्या पाण्याची बातमी कोणी देत नाहीं, त्या गांवची तहान सभेपुढें येतच नाहीं.

एका निरोपाची किंमत

हे विचार पुस्तकांत ठेवण्याचे नव्हेत, हें दाखविण्यास आपल्या महाराष्ट्रांतील एक दुःखद उदाहरण घेणें भाग आहे. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें लहानसें गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं, आठवड्याच्या बाजारीं, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजांतील पांच पुरुष तेथें आले होते. त्यांपैकीं बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील राहणारे. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून त्या भागांत पसरलेली होती. या अनोळखी माणसांवर संशय घेण्यांत आला, जमाव जमला, आणि त्या पांचांचेही प्राण गेले. ते निरपराध होते.

आतां लॅस्वेलचे पांच प्रश्न येथें लावून पाहूं. सांगणारा कोण? ठाऊक नाहीं. काय सांगितलें? टोळी आली आहे. परंतु कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, कोणाचें मूल नेलें, यांपैकीं कांहीं नाहीं. कोणत्या वाटेनें? हातांतील यंत्रानें, जेथें एका बोटानें निरोप पुढें जातो. कोणास? लेंकरांवर जीव टाकणाऱ्या आईबापांस. परिणाम? पांच घरें उघडीं पडलीं. शॅनननें सांगितलेली खरखर येथें भीतीच्या रूपानें होती. आणि लाझार्सफेल्डनें सांगितल्याप्रमाणें निरोप परक्याकडून नव्हे, तर ओळखीच्या माणसाकडून आल्यामुळें तो खरा वाटला. आईबापांच्या मायेचा येथें घात झाला, हें या कथेंतील सर्वांत कठोर सत्य होय. दुष्ट मनुष्यच अफवा पुढें नेतो असें नाहीं. चांगला मनुष्यही काळजीनें ती पुढें नेतो.

त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये अशी मर्यादा घातली. मर्यादा उपयोगाची खरी. परंतु यंत्र वेग कमी करूं शकतें, विवेक देऊं शकत नाहीं. आज तर कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यानें न घडलेल्या प्रसंगाचें चित्र व न बोललेल्या माणसाचा आवाजही बनवितां येतो. अशा वेळीं प्रत्येक तालुक्यांत निरोप तपासून पाहण्याची रीत जाणणारीं चार माणसें असणें, हें दवाखाना असण्याइतकेंच अगत्याचें झालें आहे.

हातानें करावयाचें काम

संज्ञापनाच्या चांगल्या वर्गांत अर्धा वेळ वाचनांत व अर्धा वेळ कामांत जातो. काम कसें असतें, तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. समजा, विद्यार्थ्याच्या कानांवर असें आलें कीं, ‘गांवच्या विहिरीचें पाणी विषारी झालें असून अनेक लोक आजारी पडल्याचें समजतें.’ शिक्षक प्रथम शेवटच्या शब्दावर बोट ठेवितात. ‘समजतें’ म्हणजे कोणास समजतें? कोणाकडून समजतें? आपल्या मराठींत ‘असें कळतें’, ‘बोललें जातें’, ‘सांगण्यांत येतें’ हीं क्रियापदें फार सोयीचीं आहेत, कारण त्यांच्या पडद्याआड सांगणारा लपूं शकतो. त्या पडद्यामागें उभ्या असलेल्या माणसाचें नांव काढणें, हा या विद्येचा पहिला धडा होय.

मग विद्यार्थी उठतो व चालूं लागतो. आजारी किती, हें तो प्राथमिक आरोग्य केंद्रांत विचारतो. पाण्याचा नमुना घेतला काय व तो तपासणीस केव्हां गेला, हें ग्रामपंचायतींत विचारतो. विहिरीवर स्वतः जातो; पाणी भरणाऱ्या बायांशीं बोलतो. एकानें सांगितलेली गोष्ट दुसऱ्या, स्वतंत्र माणसाकडून ताडून पाहतो. सायंकाळीं तो लिहितो : ‘विहिरीच्या पाण्याचा नमुना मंगळवारीं तपासणीस पाठविण्यांत आला. जुलाबाचे सात रोगी केंद्रांत आले, असें तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं सांगितलें. आजाराचें कारण अद्याप निश्चित झालेलें नाहीं. अहवाल येईपर्यंत त्या विहिरीचें पाणी पिऊं नये, अशी सूचना ग्रामपंचायतीनें केली आहे.’ पहिल्या वाक्यानें गांव घाबरलें असतें. या चार वाक्यांनीं गांव सावध होतें. यांत ‘विषारी’ हा शब्द नाहीं, कारण तो कोणी सिद्ध केलेला नाहीं. आणि ‘निश्चित झालेलें नाहीं’ हे शब्द आहेत, कारण जें ठाऊक नाहीं तेंही वाचकास सांगणें हें लेखकाचें कर्तव्य आहे.

यानंतर कायदा येतो. भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें भाषणाचें व अभिव्यक्तीचें स्वातंत्र्य दिलें आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडांत त्याच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. खोटें लिहून कोणाची बेअब्रू केल्यास तो गुन्हा होतो. अत्याचारास बळी पडलेल्या बालकाचें नांव, चित्र, घर अथवा शाळा प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें मनाई आहे. उलटपक्षीं २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें कोणाही नागरिकास सरकारी कचेरींतील माहिती लेखी अर्ज करून मागतां येते, व सामान्यतः तीस दिवसांच्या आंत उत्तर मिळावें असा नियम आहे. काय लिहूं नये व काय मागतां येतें, या दोन्ही गोष्टी जाणणारा मनुष्यच निर्भयपणें लिहूं शकतो.

याखेरीज ध्वनिमुद्रण, छायाचित्रण, जुळणी, भाषांतर, लोकमताची पाहणी यांचेही पाठ असतात. भाषांतराचा पाठ मराठी विद्यार्थ्यांनीं विशेष मनावर घ्यावा. शासनाचे, वैद्यकाचे व शेतकी संशोधनाचे पुष्कळ कागद इंग्रजींत निघतात. ते बांधावरच्या शेतकऱ्यास व चुलीपुढच्या बाईस समजेल अशा मराठींत उतरविणें, हें एखादा कालवा खणण्याइतकें उपयोगाचें काम आहे. पाणी धरणांत पुष्कळ आहे. तें शेतापर्यंत आणणारा पाट हवा.

पालकांनीं काय पाहावें

आतां व्यवहाराकडे वळूं. फी भरण्यापूर्वीं पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्या, असें आम्ही सुचवितों.

प्रमाणपत्र देणारी संस्था विद्यापीठ आहे, विद्यापीठाशीं जोडलेली आहे, कीं नुसती खाजगी शिकवणी आहे? येथील श्रेयांक पुढील पदवींत मोजले जातील काय, व कोणत्या विद्यापीठांत? शिकविणाऱ्यांपैकीं किती जणांनीं वृत्तपत्रांत, ध्वनिक्षेपणांत अथवा संशोधनांत प्रत्यक्ष काम केलें आहे? विद्यार्थ्यांचें स्वतःचें नियतकालिक किंवा ध्वनिकेंद्र आहे काय? विद्यार्थ्यानें लिहिलेला मजकूर तपासून, लाल शाईनें भरून, परत मिळतो काय? मागील विद्यार्थी आज कोठें काम करितात? फीखेरीज यंत्रांचा, प्रवासाचा, वसतिगृहाचा खर्च किती?

ज्या संस्थेच्या जाहिरातींत नोकरीची हमी मोठ्या अक्षरांत व अभ्यासक्रम बारीक अक्षरांत असतो, तिच्यापासून दूर राहणें बरें. परदेशच्या प्रमाणपत्राविषयींही हीच सावधगिरी ठेवावी. तेथें एका वर्षाचा खर्च मोठा असतो, आणि इतक्या लहान अभ्यासानंतर तेथें राहून काम करण्याची परवानगी मिळेलच असें नाहीं. तो नियम देशपरत्वें निराळा असतो व वेळोवेळीं बदलतो. कर्ज काढून निघण्यापूर्वीं त्या देशाच्या शासनानें प्रसिद्ध केलेला नियम स्वतः वाचावा. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबूं नये. संदेश कोण देतो हें पाहण्याची जी विद्या शिकावयाची, तिचा पहिला प्रयोग तिच्याच जाहिरातीवर करावा!

हा अभ्यास कोणीं घेऊं नये, हेंही स्पष्ट सांगणें बरें. केवळ पडद्यावर आपलें तोंड दिसावें या हौसेनें कोणीं घेऊं नये. ज्यास वाचनाचा कंटाळा आहे, अनोळखी माणसाशीं बोलण्याची तयारी नाहीं, किंवा आपलें लिहिलेलें कोणी खोडल्यास जो रुसतो, त्यानेंही घेऊं नये. या धंद्यांत प्रारंभीं वेतन पुष्कळदां तुटपुंजें असतें व कामास घड्याळ नसतें; घरच्या मंडळींनीं हें आधीं जाणून संमति द्यावी, म्हणजे पुढें परस्परांस दोष देण्याची वेळ येत नाहीं. परंतु ज्या मुलास प्रत्येक गोष्टीचें मूळ शोधण्याची खोड आहे, ज्या मुलीस कठीण गोष्ट सोपी करून सांगण्यांत आनंद वाटतो, तिला ‘यांत काय आहे’ असें म्हणून मागें ओढूं नये. वृत्तपत्रेंच काय, रुग्णालयें, सहकारी संस्था, शेतकी विद्यापीठें, सेवाभावी संस्था, शाळा या सर्वांस लोकांशीं नीट बोलणारीं माणसें हवीं आहेत.

आरंभ आजच

पदवी मिळण्यास अजून पुष्कळ वर्षें आहेत, असें आठवी-नववीचे विद्यार्थी म्हणतील. खरें आहे. परंतु प्रमाणपत्र जरी पदवीनंतर मिळत असलें, तरी संवय आजच लागूं शकते. म्हणून या सुटींत करण्यासाठीं आम्ही एक लहानसा स्वाध्याय देतों.

१. सात दिवस रोज एक बातमी अथवा निरोप वहींत उतरून घ्या, व त्याखालीं पांच प्रश्नांचीं उत्तरें लिहा. जेथें उत्तर मिळत नाहीं तेथें कोरी जागा सोडा. आठवड्याच्या अखेरीस कोऱ्या जागा मोजा.

२. एकाच दिवशींचीं दोन वृत्तपत्रें घ्या. पहिल्या पानावर प्रत्येकानें कशास किती जागा दिली, हें पट्टीनें मोजा. आपल्या तालुक्यासंबंधीं त्यांत किती आलें तें पाहा.

३. ‘समजतें’, ‘कळतें’, ‘बोललें जातें’ हीं क्रियापदें आलेलीं पांच वाक्यें शोधा, आणि त्या पडद्यामागें कोण असूं शकेल हें वर्गांत चर्चा करून ठरवा.

४. घरांतील वडील माणसांस विचारा : दूरदर्शन येण्यापूर्वीं गांवांत मोठी बातमी कशी पोंचत असे? सांगणारा कोण असे? खोटी बातमी पसरल्यास ती कोण थांबवीत असे? त्यांचीं उत्तरें त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

५. एखादा निरोप पुढें धाडण्यापूर्वीं मनांत दहापर्यंत अंक मोजा, आणि ‘हें मला कोणीं सांगितलें व त्यास कोणीं सांगितलें?’ असें स्वतःस विचारा. उत्तर न आल्यास निरोप तेथेंच राहूं द्या.

यांतील पांचवें कलम सर्वांत लहान आहे व सर्वांत कठीण आहे. तें पाळण्यास कोणतेंही प्रमाणपत्र लागत नाहीं. आणि तें न पाळणाऱ्यास कोणतेंही प्रमाणपत्र उपयोगाचें नाहीं. पालकांनींही हा स्वाध्याय मुलांबरोबर करावा, अशी आमची नम्र विनंति आहे. मुलें काय सांगितलें तें विसरतात. वडील माणसें हातांत यंत्र घेऊन काय करितात, तें मात्र तीं रोज पाहत असतात.